मागितलेला भाव नको, हातात पडलेला भाव लिहा: दोन दारांच्या गाड्या आणि आपला किनारा

जहाजी_भाट्ये
१४ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

मी जहाजावर चीफ इंजिनीअर आहे. वर्षातले सहा महिने दर्यावर, उरलेले रत्नागिरीत. २०१८ च्या दिवाळीत एक गाडी घेतली. दोन दारं, दोन सीट, कापडी टप, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, युरोपातून तयार होऊन येणारी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण कंपनीबद्दल माझी काही तक्रार नाही. सात वर्षांत या गाडीने मला एकदाही रस्त्यात सोडलं नाही.

आता ती विकायला काढली आहे. आईचे गुडघे गेलेत, बाबांना एकटं गाडी चालवू देत नाही, आणि दोन सीटच्या गाडीतून आईबाबांना एका वेळी दवाखान्यात नेता येत नाही. जानेवारीत मी पुन्हा जहाजावर चढतो. त्याआधी घरात उंच सीटची, पाच माणसांची गाडी यायला हवी.

आकडे सरळ सांगतो. तेव्हा एक्स-शोरूम ७१ लाख. आपल्या राज्यात परदेशातून तयार येणाऱ्या गाडीला रोड टॅक्स २० टक्के, म्हणजे १४ लाख २० हजार. विमा आणि किरकोळ धरून ८८ लाखांना गाडी दारात उभी राहिली. आज ती २१,४०० किलोमीटर चाललेली आहे. मुंबईच्या एका डीलरने फोटो बघून २४ लाख सांगितले आणि वर म्हणाला, "गाडी इकडे आणा, मग बघू." बघू म्हणजे आणखी खाली.

पैसा गेल्याचं दुःख आहे. इंजिनरूममध्ये पंचेचाळीस डिग्रीत उभं राहून कमावलेला पैसा आहे तो. पण ८८ ची गाडी ८८ ला जाणार नाही हे मला घेतानाच माहीत होतं. मला छळलं ते वेगळ्याच गोष्टीने: आज तिचा खरा भाव काय, हे मला कुठेच कळेना.

जुन्या गाड्यांच्या साइटवर याच मॉडेलच्या, आगेमागे याच सालच्या, देशभरात मिळून पाच जाहिराती होत्या. ३९, ४२, ४४, ४५ आणि एक ५१ लाखांची. त्या बघून मी १० ऑगस्टला ४० लावले. तीन महिन्यांत एकही खरं गिऱ्हाईक आलं नाही. शेवटी मीच गिऱ्हाईक होऊन पाचही जणांना फोन केले. दोघांची जाहिरात वर्षभर तशीच पडून होती. एकाने फोन उचलला नाही. एक म्हणाला, "या तर खरं, बसून बोलू, भावाचं काही नाही." आणि ४५ वाल्याने सांगितलं की गाडी मार्चमध्येच गेली, जाहिरात काढायची राहून गेली. कितीला गेली? थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुम्ही पण मालकच आहात म्हणून सांगतो, कुणाला बोलू नका. ३० ला."

जाहिरात ४५ ची, सौदा ३० चा. ती ४५ ची जाहिरात बघून मी माझे ४० ठरवले होते. माझे ४० बघून उद्या कोणीतरी ३८ लावील आणि तोही सहा महिने वाट बघेल. तोवर गाडी सहा महिन्यांनी जुनी होईल, मालक टेकीला येईल आणि डीलर म्हणेल त्या भावाला देऊन मोकळा होईल. भाव असाच कोसळतो. दर वेळी गुपचूप कोसळतो, म्हणून पुढच्या मालकाला त्याचा काही उपयोग होत नाही.

मिरकरवाड्याला मासळीचा लिलाव होतो तेव्हा भाव मोठ्याने पुकारतात. सुरमईची टोपली कितीला सुटली हे बाजूला उभ्या असलेल्या पोरालाही कळतं. आंबा वाशीला गेला की पेटीचा दर संध्याकाळपर्यंत बागेत पोहोचतो. लाखांच्या गाड्यांचे मालक मात्र एकमेकांपासून भाव लपवतात, आणि त्याचा सगळा फायदा मधल्या माणसाला होतो.

म्हणून विनंती. तुमच्याकडे अशी गाडी असेल किंवा होती, कूपे (बंद टपाची, दोन दारांची), रोडस्टर (टप उघडणारी, दोन सीटची), छोटी पण तिखट हॅचबॅक, काहीही, तर एवढं लिहा: साल, किलोमीटर, पासिंग, विकायला किती दिवस लागले, मागितले किती, आणि हातात पडले किती. गाडीचं नाव नको असेल तर लिहू नका. शेवटचा आकडा मात्र खरा लिहा. माझी गाडी गेली की माझाही इथेच लिहीन.

अलिबागवाली
१४ नोव्हेंबर, रात्री ११.०५

माझा घ्या. २०१६ ची कूपे, २०२३ मध्ये विकली, ३४,००० किमी, पासिंग एमएच-०६, पाच महिने लागले. मागितले ३८, पडले साडेएकोणतीस. गिऱ्हाईक पुण्याचं.

आमचं घर मांडव्याजवळ आहे. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, तेव्हा वाटलं होतं की आता ही गाडी खऱ्या अर्थाने वापरता येईल. वडखळचा रस्ता टाळायचा, गाडी बोटीत घालायची आणि तासाभरात घरी. वापरली पण. प्रत्येक खेपेला खालून खारा वारा लागायचा, आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुवायचं हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. पुणेकरांनी गाडी लिफ्टवर चढवली, सायलेन्सरचे क्लँप बघितले आणि तिथल्या तिथे दोन लाख उतरवले. क्लँप बदलायला काही हजार लागले असते.

तीनदारी
१५ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

भाव पडायला जुनं व्हावंच लागतं असं नाही. पोलो जीटीआय आठवा. २०१६ च्या नोव्हेंबरात आली, तीन दारांची, १.८ लिटर, दिल्लीला एक्स-शोरूम २५ लाख ६५ हजार. आणल्या फक्त ९९. वर्षभरात किंमत १९ लाख ९९ हजारांवर आणली. आधी घेतलेल्यांचे साडेपाच लाखांहून जास्त एका दिवसात कमी झाले, गाडीला ओरखडासुद्धा नसताना. गाडी थोड्यांसाठीच असली की किंमत ठरवणाऱ्याचाही अंदाज चुकतो, आणि ती चूक पहिल्या मालकाच्या अंगावर येते.

जमाखर्च
१५ नोव्हेंबर, सकाळी १०.२०

सीए आहे, म्हणून भाव पडतो तेव्हा नेमकं काय पडतं ते आधी वेगळं करतो.

८८ लाखांत गाडी किती होती? २०१८ मध्ये ४० हजार डॉलरच्या वरच्या तयार गाडीवर १०० टक्के सीमाशुल्क होतं, त्याखालच्या छोट्या इंजिनच्या गाडीवर ६०. त्यावर २८ टक्के जीएसटी आणि १५०० सीसीच्या वर म्हणून २० टक्के सेस. त्यावर तुम्ही लिहिलेला २० टक्के रोड टॅक्स. कुठल्याही गटात धरा, ८८ मधला निम्म्याहून जास्त पैसा करांचा होता. हा पैसा गाडीच्या पत्र्यात नाही, इंजिनात नाही. दुसरा मालक तो तुम्हाला का देईल?

दुसरं म्हणजे नव्या गाडीचा कर उतरला की जुनीचा भाव त्याच दिवशी उतरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि मोठ्या गाडीवर सरसकट ४० टक्के जीएसटी झाला. तुमच्या प्रकारच्या गाडीला आधी एकूण ४८ होता. तुम्ही ऑगस्टमध्ये ४० लाख लावलेत आणि मध्येच हे घडलं. जुलैत ब्रिटनशी व्यापार करारावर सह्या झाल्या, त्यात ठराविक संख्येपर्यंतच्या गाड्यांवरचं सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरायचं आहे. युरोपीय संघाशी आत्ता, नोव्हेंबर २०२५ मध्ये, बोलणी चालू आहेत. ज्याच्या खिशात तीस लाख आहेत असा माणूस हे सगळं वाचतो आणि थांबतो.

तिसरं, विमा कंपनीचा आकडा म्हणजे बाजारभाव नव्हे. आयडीव्हीची, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीची, घसरण ठरलेल्या तक्त्याने होते: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४०, आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५०. पाच वर्षांनंतर मालक आणि विमा कंपनी, दोघांनी मिळून आकडा ठरवायचा. हा तक्ता सगळ्या गाड्यांना सारखाच, अल्टो असो की रोडस्टर.

आणखी एक, कारण यावर गैरसमज फार आहे. जुन्या गाडीवरचा १८ टक्के जीएसटी हा नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याच्या नफ्याच्या फरकावर लागतो. तुम्ही घरगुती मालक म्हणून दुसऱ्या घरगुती मालकाला गाडी दिलीत तर जीएसटी नाही. डीलर जीएसटीचं कारण सांगून भाव पाडत असेल तर ऐकू नका.

लालपरी_प्रवासी
१५ नोव्हेंबर, दुपारी १.३०

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आमच्या गावात संध्याकाळची एसटी चुकली की मुलींना सात किलोमीटर चालत यावं लागतं. महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून ऐकतोय. आणि इथे ८८ लाखांच्या गाडीला ३० लाखच मिळतील म्हणून धागा. ज्यांना परवडते त्यांनी घ्यावी, परवडत नसेल तर घेऊ नये. यात चर्चा कसली?

जहाजी_भाट्ये
१५ नोव्हेंबर, दुपारी ३.१०

राग नाही. एसटीचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. माझी बहीण पाच वर्षं त्याच एसटीने कॉलेजला गेली.

मी नुकसानभरपाई मागत नाही आणि कोणाच्या सहानुभूतीचीही अपेक्षा नाही. खऱ्या भावाची नोंद हवी, एवढंच. हीच गोष्ट मी जुन्या बोटीच्या इंजिनांबाबत बघितली आहे. कोण कितीला विकतो ते कोणी बोलत नाही, म्हणून माझ्या चुलतभावाने वापरलेलं इंजिन नव्याच्या जवळपास किमतीला घेतलं आणि कर्जात गेला. ३० लाखांची वस्तू असो की तीस हजारांची, भाव झाकला की अडलेला माणूसच मार खातो.

सीएसाहेब, नव्या गाडीच्या कराचा आणि जुनीच्या भावाचा असा थेट संबंध माझ्या ध्यानातच आला नव्हता. ४० चे ३५ केले आज.

दहाचा_पाना
१५ नोव्हेंबर, रात्री ८.४५

सावंतवाडीला माझं गॅरेज आहे, सव्वीस वर्षं झाली. अशा गाड्या महिन्यात एखादी येते. मालक मंडळी कागद घेऊन येतात, किलोमीटर दाखवतात. मी किलोमीटर बघत नाही. आपल्याकडे कमी चाललेली गाडी जास्त खराब असते.

चालती गाडी गरम होते, सुकते, वारा खाते. उभी गाडी जून ते सप्टेंबर ओल पीत बसते. ब्रेकच्या डिस्कवर गंज बसतो आणि पॅड त्याला चिकटतात. टायर एका जागी चपटा पडतो. उंदीर बॉनेटखाली घर करतो आणि वायरिंगचं आवरण खातो. सीटच्या चामड्यावर पांढरी बुरशी येते, ती पुसता येते, पण टपाच्या अस्तरात शिरली तर वास कायमचा. आता आणखी एक म्हणजे ई-२०, वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. अर्ध्या टाकीवर गाडी चार महिने आपल्या पावसाळ्यात उभी ठेवली तर खाली पाणी बसतं. पुण्याच्या कोरड्या हवेत एवढा त्रास नाही. उभी ठेवायचीच तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, आत हवेला जागा राहत नाही.

घेणारा काय बघतो ते सांगतो. सीटखालच्या रुळाचे बोल्ट, पुढच्या सबफ्रेमचे (इंजिन आणि चाकं धरणाऱ्या खालच्या सांगाड्याचे) बोल्ट, ब्रेकच्या पायपाचे नट, डिकीतल्या गालिच्याखालचा पत्रा. या चार जागी गंज नसेल आणि सर्व्हिसचा प्रत्येक कागद असेल तर गाडी एमएच-०७ ची असो की एमएच-०८ ची, मी पूर्ण भाव द्यायला सांगतो. मुंबईची गाडी म्हणून डोळे मिटून घेतात लोक. मुंबईला काय समुद्र नाही?

जहाजी_भाट्ये
१६ नोव्हेंबर, सकाळी ६.५५

तुमचं चौथं ठिकाण, डिकीतल्या गालिच्याखालचा पत्रा, त्याची गोष्ट सांगतो. दुसऱ्या कोणाचं तरी नुकसान वाचेल.

आमचं घर भाट्याच्या सुरूबनापासून जवळ आहे. सुरूची पानं म्हणजे बारीक काड्या, वाऱ्याने उडतात आणि सगळीकडे शिरतात. टपाच्या गाडीला टप जिथे दुमडतो तिथे दोन्ही बाजूंना पाणी जायला बोटाएवढं भोक असतं, त्यातून नळी चाकामागे खाली उतरते. २०२१ मध्ये मी जहाजावर असताना त्या भोकात सुरूच्या काड्यांचा बोळा बसला. बाबांनी गाडी आठवड्यातून एकदा चालू करून ठेवली, बाकी त्यांना काय कळणार. पावसाचं पाणी नळीतून न जाता डिकीत साठलं. माझ्या गाडीत डिकीत उजव्या बाजूला एक कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डबा, बसवलेलं आहे. ते तीन आठवडे पाण्यात. मी आलो तेव्हा गालिचा उचलला तर खाली टाचणीएवढे बेडूक होते. मॉड्यूल बाहेरून आलं, बसवणुकीसह सव्वादोन लाख. तो कागद मी फाईलमध्ये ठेवलाय आणि गिऱ्हाइकाला पहिल्यांदा तोच दाखवतो.

जहाजाच्या बुडाला आम्ही जस्ताचे ठोकळे लावतो. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना लागले की त्यातला एक झिजतो. तर झिजायचंच असेल तर जस्त झिजू दे, पोलाद नको, असा त्यामागचा हिशेब. या गाड्यांत वजन कमी करायला ॲल्युमिनियम भरपूर असतं आणि ते कसलेलं असतं स्टीलच्या बोल्टने. मधे खारं दव बसलं की तीच झीज सुरू. सांधा पांढऱ्या पावडरीने फुगलेला दिसला तर समजा की आतून खाल्लं जातंय. पुण्या-नाशिकच्या मेकॅनिकला ते दिसत नाही असं नाही, पण तो त्याला नुसती धूळ समजतो. आपल्याकडची गाडी आपल्याकडच्याच माणसाने तपासायला हवी, असं मला आता पक्कं वाटतं.

जाता जाता, फेरीबोटीबद्दल. दाभोळ-धोपावे फेरीवर ओहोटीला रॅम्प जास्त उतरता होतो. पुढच्या बंपरचा खालचा ओठ मी तिथेच घासून घेतला. भरतीचं वेळापत्रक बघून जा.

वाशिष्ठीकाठ
१६ नोव्हेंबर, सकाळी ११.४०

चिपळूणहून लिहितोय. आमच्याकडे एक वेगळंच ओझं आहे.

माझी गाडी अबार्थ पुंटो, २०१५ च्या शेवटी घेतली. एक्स-शोरूम ९ लाख ९५ हजार, १४५ पीएस, रांजणगावला बनलेली. म्हणजे तुमच्या गाडीसमोर लहान. पण कुंभार्ली घाटात हिला चालवताना मला जे वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही. गेल्या वर्षी विकायची वेळ आली होती, धाकट्याच्या फीसाठी. बारा जणांनी फोन केला. बाराही जणांचा पहिला प्रश्न एकच: "पुरात होती का?"

२२ जुलै २०२१. ज्यांनी तो दिवस बघितला त्यांना सांगायला नको. शहरात पाणी पहिल्या मजल्याला लागलं. हजारो गाड्या बुडाल्या, आणि नंतर त्यातल्या कितीतरी विमा कंपन्यांकडून उचलून, धुऊन, नवीन सीटकव्हर घालून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या. तेव्हापासून चिपळूणच्या पत्त्याची कुठलीही गाडी म्हणजे पुरातली, असं लोकांनी ठरवून टाकलंय. माझी गाडी आदल्या रात्रीच मामाकडे डोंगरावर नेऊन ठेवली होती. पण हे सिद्ध कसं करायचं?

नशिबाने त्या सकाळी मामेबहिणीने अंगणातून पुराचे फोटो काढले होते, त्यातल्या तीनमध्ये मागे माझी लाल गाडी कोरडी उभी आहे. मूळ फोटो, तारीख-वेळेसकट जपून ठेवलेत. आणि गिऱ्हाइकाला मी स्वतःच सांगतो: सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. बुडालेल्या गाडीचा पट्टा धुतला तरी गुंडाळलेल्या टोकाला गाळाची रेघ राहते. स्टेपनीची जागा बघा. डॅशबोर्डखाली हात घालून बोट चाटा, खारट-मातकट लागतं की नाही बघा.

माझा आकडा: मागितले साडेपाच, हातात काही नाही, कारण मी विकली नाही. शेवटचा सौदा पावणेचारला ठरत होता. फी पतसंस्थेतून कर्ज काढून भरली. ते बरोबर केलं की चूक, यावर घरात अजून दोन मतं आहेत.

अलिबागवाली
१६ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

वाशिष्ठीकाठ, सीटबेल्टचं माहीतच नव्हतं. आत्ता खाली जाऊन नवऱ्याच्या जुन्या गाडीचा ओढून बघितला. आहे रेघ. तीन वर्षं झाली घेऊन.

कुडाळचो_झील
१८ नोव्हेंबर, रात्री १०.३०

दादानु, मी कुडाळचो. माजो फायबरच्या होड्यांचो धंदो आसा. धागो पयल्यापासून वाचलंय. माज्या काकांकडे सॅन स्टॉर्म होती, गोव्यात बनलेली. दोन सीट, टप उगडतलो, आत रेनोचा ११४९ सीसी इंजिन, आणि बॉडी पुरी फायबरची. आमच्या होडयेसारखी! काका मेळाक तीच घेऊन जायत. बॉडीक गंज म्हणान नाय.

बाकीचा मराठीत लिहितंय, सगळ्यांका समजूक होया.

त्या गाडीत मी लहानपणी बसलो आणि तेव्हापासून टप उघडणारी गाडी घ्यायची हे मनात आहे. काकांनी ती विकली तेव्हा गावात कोणाला नको होती. दोन सीटची गाडी घेऊन करणार काय, सामान कुठे ठेवणार, गणपती कुठे ठेवून आणणार, असं सगळे विचारायचे. शेवटी एकच गिऱ्हाईक आलं आणि तो बोलेल तो भाव झाला. माझ्या मते भाव पडण्याचं हेच मोठं कारण आहे. अल्टोला शंभर गिऱ्हाइकं असतात, एक गेला तर नव्व्याण्णव आहेत. या गाड्यांना एक किंवा दोन, आणि तो दुसरा कुठल्या गावात आहे हे कोणाला माहीत नसतं.

जहाजी दादा, तुमच्या गाडीसाठी मी तो दुसरा असेन कदाचित. मॉड्यूलचा कागद आणि सगळ्या सर्व्हिसचे कागद पाठवाल का? गंजाची भीती मला नाही. खारट हवेत वस्तू कशी टिकवायची हेच माझं काम आहे. पैशांचं मात्र मला पुन्हा पुन्हा मोजून बघावं लागेल. घरात अजून बोललो नाही.

जहाजी_भाट्ये
१९ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

पाठवतो. घरात आधी बोला. कागद बघून नको वाटली तर निःसंकोच सांगा, मला वाईट वाटणार नाही.

दहाचा_पाना
२ डिसेंबर, रात्री ९.००

कुडाळच्या भावाने मला फोन केला होता. त्याच्याबरोबर मी येतोय रविवारी, माझी फी घेणार नाही. ही गाडी मला बघायची आहे.

जहाजी_भाट्ये
७ डिसेंबर २०२५, रात्री १०.५०

दोघं सकाळी नऊला आले. पाना-मास्तरांनी अंगणात सतरंजी अंथरली आणि टॉर्च घेऊन पाऊण तास गाडीखाली होते. सबफ्रेमचे बोल्ट चांगले निघाले. डाव्या मागच्या ब्रेकच्या पायपाच्या एका नटावर गंज आहे, तो मला आजवर दिसला नव्हता. कुडाळच्या भावाने दोन्ही सीटबेल्ट टोकापर्यंत ओढले. मग त्याने टप अर्धा उघडला, पाण्याची बाटली घेतली, दोन्ही भोकांत अर्धी अर्धी ओतली आणि धावत जाऊन चाकामागे वाकून बसला. पाणी दोन्हीकडून धार लागून आलं. तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

टायर बघितले. चारही गाडीबरोबर आलेले, कडेला २२१८ असा आकडा, म्हणजे २०१८ चा बाविसावा आठवडा. नक्षी भरपूर आहे पण रबर कडक झालंय. पाना-मास्तर म्हणाले, बदलायलाच हवेत, आणि ते बरोबर आहे.

मग आरे-वारेच्या रस्त्याला टप उघडून गेलो, तो चालवत होता आणि मी शेजारी. वर चढावर गाडी थांबवून त्याने समुद्राकडे बघितलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. मीही नाही. परत आल्यावर आईने घावणे केले होते, खाताना भावाचं बोललो. मी ३५ सांगितले. तो म्हणाला, "तुम्हीच धाग्यावर ३० चा आणि ताईंचा साडेएकोणतीसचा लिहिलायत. मी ३१ म्हणून आलोय." तो आकडा मी लिहिला नसता तर कदाचित ३४ ला बोलणं झालं असतं. पण मग तो आलाच नसता, हेही तितकंच खरं. ३२ ला ठरलं, टायरचे ६० हजार वजा.

कबूल केल्याप्रमाणे:

साल २०१८, पहिला मालक, पासिंग एमएच-०८, २१,६५० किलोमीटर. जाहिरातीपासून ११९ दिवस. मागितले आधी ४०, मग ३५. हातात पडले ३१ लाख ४० हजार. कर्ज नव्हतं, त्यामुळे कर्जाची नोंद उतरवायच्या फॉर्म ३५ चा प्रश्न आला नाही. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर आज दोघांच्या सह्या झाल्या. जाहिरात संध्याकाळीच काढून टाकली.

चाव्या पुढच्या शनिवारी देणार आहे. तोवर गाडीची बॅटरी चार्जरवर आहे, टाकी काठोकाठ भरली आहे, आणि भोकांतल्या सुरूच्या काड्या मघाशी मी पुन्हा एकदा काढल्या.